पोट, पोटरी आणि परतीचं तिकीट

लोणावळा

लोणावळ्याला लोक पाऊस अंगावर घ्यायला जातात, धुकं बघायला जातात, नाहीच काही तर चिक्की आणायला जातात. मी गेले ती पोटाचं ऑपरेशन करून घेण्याआधी पाय मोकळे करायला. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पण डॉक्टरांचा हुकूमच तसा होता, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटत होती.

मी मेलबर्नला राहते. मूळची अकोल्याची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मुक्ता तिथेच तिच्या संसारात आहे. पन्नाशीनंतर मी हट्टाने वजन उतरवलं. वजन उतरलं, पण पोटाची कातडी काही उतरेना. ती पदरासारखी लोंबत राहिली. कपडे घालताना तिची घडी घालून आत कोंबावी लागे. एका मैत्रिणीने सांगितलं, ती काढून पोट शिवून घेता येतं. तिथला खर्च मला झेपणारा नव्हता, म्हणून पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंशी बोलले. मुक्ताला दिवस गेले होते. नातवंड आलं की मला कुठली फुरसत? म्हणून हिशेब असा बसवला की दसऱ्याच्या सुमारास जायचं, ऑपरेशन, विश्रांती, आणि मुक्ताच्या बाळंतपणाआधी परत.

डॉक्टरीणबाईंनी त्या हिशेबात पहिल्याच बोलण्यात फेरफार केला. "विमानातून उतरलात की दुसऱ्या दिवशी टेबलावर घेणार नाही," त्या म्हणाल्या. "इतके तास एका जागी बसलं की पायाच्या शिरांमध्ये रक्त साकळतं. त्याची गाठ झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननेही हाच धोका वाढतो. दोन्ही एकापाठोपाठ नकोत. आधी चारदोन दिवस हिंडा, पाणी प्या, मग या. आणि ऑपरेशननंतर निदान तीन आठवडे विमान नाही, तेही मी तपासून हो म्हटल्यावर."

विमानात मी पायांत घट्ट मोजे चढवून बसले, तासातासाला उठून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारल्या. शेजारच्या गृहस्थांना दर वेळी उठावं लागे. त्यांनी शेवटी कंटाळून मलाच कडेची सीट दिली.

हिंडायचंच आहे तर लोणावळ्यात हिंडावं, असं सुचवलं माझ्या मेलबर्नच्या शेजारणीने, सुनंदाने. तिचं माहेर तिथून जवळच, मावळातल्या टाकवे बुद्रुकला. ऑपरेशननंतर मी तिच्या आईकडेच राहायचं, हेही तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. तिचा भाऊ विलास तळेगावच्या कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीला स्वतःची गाडी चालवतो. तो मला न्यायला आला. धाकटा, शांत, पण जिभेला धार असलेला माणूस.

भुशी धरणावर गेलो तेव्हा हंगाम सरला होता. एरवी ज्या पायऱ्यांवर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात म्हणे, त्या कोरड्या पडल्या होत्या आणि कडेने शेवाळ वाळून काळं झालं होतं. डोंगरावर सोनकीची फुलं अजून पिवळी होती. एक भजीवाल्या बाई रिकाम्या बाकड्यांकडे बघत बसल्या होत्या. आम्ही दोघंच गिऱ्हाईक, तर त्यांनी कांदाभजीबरोबर तळलेल्या मिरच्या जास्तीच्या वाढल्या. मेलबर्नला जादा मिरची मागितली तर तिचे वेगळे पैसे लावतात.

"ताई, ऑपरेशन कशाचं म्हनं?" विलासने विचारलं.

"पोटाचं."

"आपेंडिस का?"

मी सरळ सांगून टाकलं, की लोंबलेली कातडी काढून पोट सपाट करायचं आहे. त्याने भजं तोंडात टाकलं, नीट चावलं, गिळलं.

"मंग एवढ्या लांबनं कशाला आलाय?" तो म्हणाला. "आता भात कापायला लागनारच हाय. महिनाभर वाकला असता, पोट गपगुमान आत गेलं असतं. वर दोन टायमाचं जेवान."

त्या दिवसांत मी पुष्कळ चालले. सकाळी धुक्यातून, दुपारी बाजारातून, संध्याकाळी रेल्वेच्या पुलावरून. दाण्याच्या चिक्कीचा पुडा संपवला आणि पोट सपाट करायला आलेल्या बाईने हे करावं का, हा प्रश्न स्वतःला विचारायचं टाळलं.

टाकवे बुद्रुक

पुण्यात ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्याच दिवशी नर्सने उठवून चालवलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सूचनांची उजळणी करून घेतली. पोटाचा पट्टा काढायचा नाही, पायातले मोजे काढायचे नाहीत, दिवसातून बऱ्याच वेळा वाकून का होईना पण चालायचं. आणि एक पोटरी दुखली, सुजली, तर चोळायची नाही, आधी फोन करायचा. मी मान डोलावली. शहाणी बाई म्हणून माझी ख्याती आहे.

टाकव्याचं घर बौद्धवाडीत, विहाराला लागून. पुढे सारवलेलं अंगण, मागे भाताची खाचरं, पलीकडे आंद्रा नदीकडे उतरत जाणारी झाडी. सुनंदाची आई, कौसल्यामावशी, उंबऱ्यात उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी फिरवलं आणि माझ्या वाकलेल्या कमरेकडे बघून त्यांचे डोळे भरून आले.

आता इथे सांगायला हवं, की मावशींनी आयुष्यात पंचक्रोशीतल्या किती बायकांची बाळंतपणं काढली, त्याला गणती नाही. सुईण म्हणून नव्हे, बाळंतिणीचं करायला. ज्या घरात करणारं कोणी नसेल तिथे मावशी जाऊन राहत. त्यामुळे पोट शिवलेली बाई म्हणजे काय, हे त्यांच्या दृष्टीने ठरलेलं होतं. तिला खाटेवर निजवायचं, कानाला फडकं बांधायचं, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी सरकवायची आणि तिचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही.

पोटाचा पट्टा त्यांना पाहताक्षणी पसंत पडला. "ह्ये झ्याक केलं डागतरनं. आमी बी बाळंतिनीचं पोट असंच आवळतो." मोजे मात्र त्यांना मुळीच पटले नाहीत. "पायाला असं करकचून बांधल्याव रगात फिरंल कुटनं? काढ ती आदी."

"मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डागतर हितं ऱ्हातोय का? मी ऱ्हाते."

पहिले काही दिवस मी मोजे घातले, उठून अंगणात फेऱ्याही मारल्या. मी उठले की मावशी हातातलं काम टाकून धावत येत आणि मला पुन्हा खाटेवर नेत. रागावून नव्हे, गालावरून हात फिरवून. सकाळी हळिवाची खीर, दुपारी मुगाचं कढण आणि इंद्रायणी तांदळाचा मऊ भात, संध्याकाळी नदीच्या माशाचं पातळ कालवण. आम्ही अकोल्याचे ज्वारीवर वाढलेले लोक, भात म्हणजे जेवणाच्या शेवटी दोन घास. पण त्या भाताचा वास घरभर दरवळायचा आणि मी ताट चाटूनपुसून ठेवायची. शेजारच्या आळीतल्या शेतकऱ्याच्या घरून, पाटीलआबांकडून, रोज दूध यायचं. आबा स्वतः आणून द्यायचे आणि दारातूनच विचारायचे, "पावनी बरी हाय न्हवं?"

मी मेलबर्नला आजारी पडते तेव्हा शेजारीपाजारी मेसेज पाठवतात आणि दारात सूप ठेवून जातात. चांगली माणसं आहेत. पण खाटेशी बसून केसांतून कोणी बोटं फिरवत नाही. मुक्ता झाली तेव्हाही मी परदेशातच होते. माझं बाळंतपण कोणी काढलं नाही, तिसऱ्या दिवशी मी स्वतः स्वयंपाक केला होता. आता इतक्या वर्षांनी ते कोणीतरी माझ्या पदरात घालत होतं. सूचना मला पाठ होत्या. तरी दुसऱ्या आठवड्यात मोजे दोरीवर वाळत पडले ते पडलेच, आणि फेऱ्या बंद झाल्या. मावशींवर याचा दोष टाकणं खोटेपणाचं होईल. मला पडून राहायचं होतं.

परतीच्या विमानाला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा एका सकाळी डावी पोटरी दुखू लागली. वाटलं, अवघडली असेल. दुपारी ती उजवीपेक्षा जाड दिसत होती आणि हाताला गरम लागत होती. मावशींनी बघितलं आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या गरम तेलाची वाटी घेऊन. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, तेलात बुडवलेला हात पोटरीवर टेकवला आणि नेमकं तेव्हा मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं.

मी पाय खसकन ओढून घेतला. वाटी कलंडली, तेल मावशींच्या लुगड्यावर सांडलं.

"चोळायचा नाही. मावशी, हात लावू नका."

माझा आवाज चढला होता. मावशी तशाच बसून राहिल्या, तेलकट हात हवेत. त्या हातांनी इतक्या बायकांना उभं केलं होतं, त्यांना असं कोणी झिडकारलं नसेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण भीती त्याहून मोठी होती. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चोळलं नाहीत ना? छान. आता खाटेवर थांबू नका, तळेगावला जा, पायाची सोनोग्राफी करून घ्या. आत्ता, लगेच. आणि दम लागला, छातीत दुखलं, तर वाटेतच पहिलं हॉस्पिटल गाठा."

मावशींनी सगळं ऐकलं. लुगड्यालाच हात पुसले, उठल्या आणि दारातून हाक मारली, "विलास, गाडी काढ."

तळेगाव

सुट्टीचा दिवस असल्यामुळे विलास घरी होता. पण सुट्टीच असल्याने जुना महामार्ग लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांनी तुंबला होता. विलास एरवी एखाद्या वाक्यात हसवणारा, तो नुसता हॉर्न वाजवत होता. मावशी मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसल्या होत्या. पायाला हात न लावता त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि मधूनमधून विचारत होत्या, "दम लागतोय का गं?" मी प्रत्येक वेळी नाही म्हणायची आणि त्या प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघून खात्री करायच्या.

सोनोग्राफी करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी पडद्यावर एक काळसर रेघ दाखवली. पोटरीतून गुडघ्याच्या मागच्या शिरेपर्यंत गाठ पोचली होती. छातीचीही वेगळी तपासणी केली, फुप्फुसात काही गेलेलं नव्हतं. ते म्हणाले, "विमान कधीचं आहे तुमचं?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हे घेऊन तुम्ही त्या सीटवर तासन्तास बसला असतात तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही."

त्यांनी ते न बोलताच मला समजलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून रक्त पातळ करण्याची औषधं तिथेच सुरू झाली. टाके ताजे असल्याने रक्तस्राव होतोय का, यावर लक्ष ठेवायला दोन दिवस ठेवून घेतलं. औषध लागू पडून गाठ आटोक्यात येईपर्यंत काही आठवडे विमान नाही, हेही सांगितलं. म्हणजे मुक्ताच्या बाळंतपणाला मी तिथे नसणार.

तो फोन करायला मला गाठीपेक्षा जास्त भीती वाटत होती. मुक्ताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुला आत्ताच पोट सपाट करायचं होतं? माझ्यासाठी थांबता आलं नसतं?" आणि फोन ठेवला. मी दवाखान्याच्या खिडकीशी बसून रडले.

मावशी शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "माजं चुकलं पोरी. म्या तुला निजवून ठिवलं."

"मी निजले, मावशी. मला बरं वाटत होतं तुमच्याकडे."

"बरं वाटंल तेच चांगलं आसतं असं न्हाई ना," त्या म्हणाल्या आणि पदराने माझं तोंड पुसलं.

आंद्रेच्या काठी

परत आल्यावर मावशींनी पहिल्यांदा खाट बाहेर काढून भिंतीशी उभी केली. दुसरं म्हणजे दोरीवरचे मोजे उतरवून माझ्या पायात चढवायला बसल्या. ते चढवणं सोपं नाही, मावशींनी ते जिद्दीने केलं. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, तर मावशींनी ती आज्ञा मानली. सकाळी उन्हं तापायच्या आत त्या मला घेऊन निघत. विहारापर्यंत, मग पाटीलआबांच्या खळ्यापर्यंत, मग नदीच्या उतारापर्यंत. भात कापणी जोरात होती. कापणाऱ्या बायका कंबर सरळ करून विचारत, "आता कुटवर?" मावशी उत्तर देत, "ईमानापातूर." थोड्याच दिवसांत आख्ख्या वाडीला माझ्या पोटरीची खबर झाली. मी कुठे टेकले की कोणीतरी हटकायचंच, "बसू नका ताई, गाठ धरंल." पाटीलआबा तर दूध हातात न देता खळ्यावर ठेवून जाऊ लागले, म्हणजे ते आणायला मला चालावं लागे. मेलबर्नला माझ्या तब्येतीत असं नाक खुपसलेलं मी खपवून घेतलं नसतं. इथे रोज कोणी हटकलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

तपासणीसाठी पुण्याला जायचं तर आम्ही कान्हे स्टेशनवरून लोकल धरायचो. विमानाची तालीम म्हणून मावशी मला दर स्टेशनला उभी करत. "ऊठ, ठेसन आलं." बेगडेवाडीला एका मुलीने पट्टा बांधलेली वाकडी बाई बघून मला जागा दिली. मी नको म्हटलं. तिने आग्रह केला, मावशींनी तिला दटावलं, "तिला हुबी ऱ्हाऊ दे. बसून मरायचीच पाळी आलती." त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मुक्ताला मुलगी झाली ती याच दिवसांत. सिझेरियन करावं लागलं. जावयाने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मावशी आणि मी खळ्यावर होतो. मुक्ता माझ्याशी तुटक बोलली. बाळ दाखवलं, मग रडायलाच लागली. दूध येत नाही, बाळ झोपत नाही, सगळं दुखतंय. मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला. ओळखदेख नाही, पण "काय झालं माज्या बाईला?" म्हणून सुरुवात केली आणि बाळ कसं धरायचं ते पदराची गुंडाळी करून दाखवलं.

त्यानंतर फोन रोज येऊ लागला, तो मावशींसाठी. हळीव कुठे मिळतील, बाळाला शेक कसा द्यायचा, पोट केव्हा बांधायचं. मी बाजूला बसून ऐकायची. एकदा मुक्ता म्हणाली, "आजी, मला तर उठवतच नाही. दिवसभर पडूनच राहावंसं वाटतं." आयुष्यभर बाळंतिणींना खाटेवर जपणाऱ्या मावशींनी फोन तोंडाजवळ घेतला.

"निजावंसं वाटनारच," त्या म्हणाल्या. "पर मधनंमधनं उटायचं बाई. नवऱ्याचा हात धर आन खोलीत फिर. मी आदी सगळ्यास्नी निजवूनच ठिवायची. तुज्या आईला बी ठिवलं, आन तिच्या पायात गाठ झाली. थोडक्यात वाचली. तुजं तसं नगं व्हायाला."

मग मुक्ताने हळू विचारलं, "थोडक्यात म्हणजे?"

मी तिला फोनवर धोका फार सांगितलाच नव्हता, उगीच घाबरेल म्हणून. मावशींनी सांगितला. विमानाचं, तळेगावचं, वाटेत दम लागतोय का विचारत गेलो ते, सगळं. सांगून झाल्यावर फोन माझ्याकडे दिला आणि खळ्यावरचे पेंढ्यांचे पाचुंदे मोजायला उठून गेल्या. मुक्ता पडद्यात माझ्याकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, "आज चाललीस का?"

मेलबर्न

डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर, नव्या तिकिटावर, गोळ्या घेऊन आणि मोजे घालून मी निघाले. निघताना वाडी अंगणात जमली होती. मावशींच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मध्येच धरलं, "वाकू नगं, टाकं हायेत," आणि मला पोटाशी धरून रडल्या. मीही रडले. आयुष्यात इतके आभार कोणाचे मानावेसे वाटले नव्हते.

मुक्ता विमानतळावर आली होती, बाळाला छातीशी बांधून. ती आधी माझ्या पायांकडे बघत होती. मी चालत तिच्यापर्यंत गेले. तिने बाळ सोडवून माझ्या हातात दिलं. मुक्ताच्या केसांना हळिवाच्या खिरीचा नव्हे, कसल्यातरी परदेशी साबणाचा वास होता, पण बाळ मावशींनी शिकवलं तसंच गुंडाळलेलं होतं.

"आता दाखव तरी," मुक्ता डोळे पुसत म्हणाली. "ज्याच्यासाठी एवढं केलंस ते पोट कसं दिसतंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की तळेगावहून आल्यापासून मी ते एकदाही नीट बघितलेलं नाही.